पाच चाळीस

दिओलिंदा आवेइरोच्या मिठागरात वजनकाट्यावर बसते.
ट्रक येतो रिकामा, ट्रक जातो भरलेला,
मधल्या फरकाला मीठ म्हणतात.
ती पावतीवर सही करते.

रात्री दुसरा काटा लावते.
दिवसात किती भरलं, किती सांडलं,
फरक तेवढा लिहून ठेवते
दोन हजार चारपासून,
पुतण्याने पाच मिनिटांत उघडून दिलेल्या ब्लॉगवर,
ज्याचा हिरवा रंग तिला कधीच आवडला नाही
आणि बदलायचा कसा, हे तिने कधी विचारलं नाही.

काय लिहिते? फार काही नाही.
आज फ्लेमिंगो आले. एक्केचाळीस.
एक बहुधा दोनदा मोजला.
नवऱ्याने ऑलिव्हच्या बरणीचं झाकण असं आवळलंय
की आता ती त्याच्या पश्चातच उघडेल.
नवरा म्हणतो, लष्कराच्या भाकऱ्या.
तेही ती लिहिते.

त्या वर्षांत सगळेच लिहीत होते.
कोइंब्राची रातपाळीची नर्स, स्वतःला घुबड म्हणवणारी;
फारोचा एक दंतवैद्य, रोज एक कविता, रोज वाईट;
बेजाची कुणी मुलगी, नाव नाही,
नुसतं रडणं, पण व्याकरण चोख;
आणि ब्रागांसाचा आन्सेल्मू, चेस्टनटवाला,
समुद्रापासून दोनशे किलोमीटरवर बसून
तिच्या वाम माशाच्या रश्शाखाली ज्याने लिहिलं,
'पुदिना? बाईसाहेब, पुदिना?'
भांडण अकरा वर्षं पुरलं.

पानाच्या उजव्या कडेला या सगळ्यांची नावं.
कामावर निघण्याआधी ती तिथून एक चक्कर मारायची
गल्लीतून मारावी तशी :
कुणाची खिडकी उघडी, कुणाची लोटलेली,
कुणाकडे रात्री उशिरापर्यंत दिवा होता.

मग हळूहळू.
घुबडाचं लग्न झालं.
दंतवैद्य बरा झाला असावा.
मुलीची शेवटची नोंद 'उद्या सांगते',
तारीख नऊ ऑक्टोबर, साल दोन हजार नऊ.
बाकीचे तिकडे गेले,
जिथे बोट वर सरकवलं की माणूस संपतो.

दिओलिंदाने एकही नाव खोडलं नाही.
खाल्ल्या मिठाला जागायचं असतं.
तिच्या धंद्यात तर अंमळ जास्तच.

आन्सेल्मू राहिला.
शेवटपर्यंत पुदिन्याच्या विरुद्ध.
फेब्रुवारीत त्याच्या पानावर दोन ओळी आल्या,
शुद्धलेखनाच्या तीन चुका,
म्हणजे त्याच्या नव्हेत :
बाबा मंगळवारी गेले.
पासवर्ड फ्रिजवर चिकटवलेला होता.

तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं.
तो उंच आहे, एवढं मनाशी ठरवलेलं.
त्या रात्रीची नोंद :
ट्रक एकोणीस. वारा उत्तरेचा.

तिच्या पानाच्या तळाशी एक आकडा असतो,
आज किती आले, कुठून आले.
सात.
त्यातले चार ती स्वतः,
एक पुतण्या, जो नाकबूल करतो,
एक सिंगापूरचं कुठलंसं यंत्र, जे सगळ्यांकडेच जातं,
आणि एक ब्रागांसाहून,
पहाटे पाच चाळीस.

ही आन्सेल्मूची वेळ,
भट्टी पेटवण्याआधीची.
मार्चमध्येही. एप्रिलमध्येही.
रविवारीसुद्धा.

मुलगी असेल.
किंवा त्याचा जुना संगणक,
ज्याला कुणी सांगितलंच नाही.
पुतण्या म्हणाला, शोधून काढता येतं,
दोन मिनिटांचं काम.
ती म्हणाली, तुझी दोन मिनिटं तुझ्याकडेच ठेव.

काल तिने वाम आणले.
रस्सा केला, बिनपुदिन्याचा.
नवऱ्याने चाखून विचारलं, काय राहिलंय यात?
तिने रात्री बाराला लिहिलं :
'करून पाहिला. तुमचं चुकलेलंच होतं.
पण करून पाहिला.'
आणि पाच पस्तीसचा गजर लावून झोपली.

आकडा हलला की नाही,
ते तिने लिहिलेलं नाही.
आजची नोंद एवढीच :
धुकं होतं.
फ्लेमिंगो अडतीस.